दिनविशेष : १० एप्रिल १९२५ – ‘द ग्रेट गॅट्सबी’चे प्रकाशन
एफ. स्कॉट फिट्झेराल्ड (१८९६–१९४०) यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कमधील स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लुइव्हिल येथे जडलेले आणि गरिबीमुळे दुरावलेले डेझीचे प्रेम परत मिळावे, म्हणून कादंबरीचा नायक जे गॅट्सबी दारूबंदीच्या काळात अवैध मद्यविक्रीतून अमाप संपत्ती जमवतो आणि लाँग आयलंडवर तिच्या घरासमोर, खाडीच्या अलीकडच्या तीरावर, प्रासाद घेऊन मेजवान्या देऊ लागतो. १९२२ च्या उन्हाळ्यात दोघांची पुन्हा भेट होते. परंतु डेझी तोवर टॉम ब्यूकॅनन या पिढीजात धनिकाची पत्नी झालेली असते आणि गेलेला काळ पैशाने परत आणता येत नाही, हे कठोर सत्य गॅट्सबीच्या शोकांतिकेतून उलगडत जाते. ‘अमेरिकन स्वप्न’, म्हणजे कर्तृत्वाच्या बळावर कोणालाही वैभव गाठता येते ही श्रद्धा, वर्गभेदापुढे किती दुबळी ठरते, याचे हे मर्मभेदी चित्रण आहे. लेखकाच्या हयातीत अपेक्षेइतकी न खपलेली ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना वाटलेल्या सुमारे दीड लाख प्रतींमुळे नव्या वाचकांपर्यंत पोहोचली आणि विसाव्या शतकातील श्रेष्ठ कादंबऱ्यांत तिने यथार्थ स्थान मिळवले.