गाडीची रोड टेस्ट आणि माणसाची टीएमटी

आपल्या चाकणमध्ये असेंब्ली लाइनवरून उतरलेली गाडी रोलरवर पळवून पाहिल्याशिवाय गेटबाहेर पडत नाही. इंजिन नुसतं सुरू झालं म्हणून कुणी ओके करत नाही. लोड दिल्यावर ते काय करतं, हे बघावं लागतं. माणसाच्या हृदयाची टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवत काढलेला ईसीजी, याच विचारातून आली. तिचा इतिहास सांगायचं कारण एवढंच, की ही टेस्ट कोणासाठी निघाली आणि आपल्याकडे कोणाची होते, यात मोठा फरक पडलाय.

सुरुवात जुनी आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये डॉक्टरांसमोर एका दुखण्याचं वर्णन वाचलं. चालताना, विशेषतः चढ चढताना किंवा जेवणानंतर चालताना छाती आवळल्यासारखी होते आणि थांबलं की बरं वाटतं. यंत्र नव्हतं, रिपोर्ट नव्हता. निगडीच्या दुर्गा टेकडीवर चढताना छाती भरून येते आणि बाकड्यावर बसलं की उतरते, असं आज कुणी सांगितलं तर ते हेबर्डन यांचंच दुखणं.

पुढे १९०३ मध्ये हॉलंडच्या आइंटहोवेन यांनी ईसीजीचं यंत्र जगासमोर आणलं. पण पडून काढलेला ईसीजी रक्तवाहिनी अरुंद असतानाही नॉर्मल येऊ शकतो, कारण आराम करणाऱ्या हृदयाला रक्त कमी लागतं. म्हणून त्याला कामाला लावायचं. न्यूयॉर्कचे आर्थर मास्टर यांनी १९२९ मध्ये नऊ-नऊ इंचांच्या दोन पायऱ्या घेतल्या आणि माणसाला दीड मिनिट चढ-उतार करायला लावलं. आधी नाडी आणि बीपी मोजायचे, नंतर त्याला ईसीजीची जोड मिळाली.

आजची टीएमटी मात्र सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस यांची. १९६३ मध्ये त्यांनी टप्प्याटप्प्याची पद्धत मांडली. पहिली तीन मिनिटं ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ. मग दर तीन मिनिटांनी वेगही वाढतो, चढही. जुनी गाडी चालवून बघितल्याशिवाय कोणी घेतं का, हा दाखला ब्रूस यांचाच म्हणून सांगतात. आपल्या गाववाल्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

योगायोग बघा. ब्रूस यांची पद्धत आली त्याच्या आदल्याच वर्षी, १९६२ मध्ये, एमआयडीसी स्थापन झाली. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आधीच उभी होती. मग इथली शेतं जाऊन शेड उभ्या राहिल्या. मावळ-खेड-जुन्नरची पोरं, पुढे मराठवाड्यातली पोरं, शिफ्टला लागली. रात्रपाळी, कँटीनचं तळलेलं, तंबाखूची पुडी, घराचा हप्ता. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं, की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतरांना ५९व्या. म्हणजे नोकरी चालू असतानाच.

आता मुद्द्याची गोष्ट. रोड टेस्ट पास झालेल्या गाडीचं टायर उद्या फुटणार नाही, अशी हमी कोणी देतं का? टीएमटीचंही तेच. रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली असेल तर ती पकडते. पण अनेक झटके फारशा अरुंद नसलेल्या जागी येतात. तिथला चरबीचा थर अचानक फुटतो आणि वर गुठळी धरते. हे काल चालवलेल्या ट्रेडमिलला दिसत नाही.

आकडे घ्या. १९८९ मध्ये जवळपास दीडशे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. आजार असलेल्या १०० जणांपैकी टेस्टने साधारण ६८ पकडले आणि आजार नसलेल्या १०० पैकी २३ जणांना उगाच पॉझिटिव्ह ठरवलं. समजा, काहीच त्रास नसलेल्या १०० साहेबांची टेस्ट केली आणि त्यातल्या पाचांनाच आजार आहे. तर तीन-चार खरे सापडतील आणि बावीसेक जण विनाकारण घाबरतील. म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा टास्क फोर्सने २०१८ मध्ये सांगितलं, की त्रास नसलेल्या, कमी धोक्याच्या माणसांची ही टेस्ट सरसकट करू नका. छातीत त्रास होणाऱ्याला मात्र डॉक्टर ती सांगतात, तेव्हा तिला खरा अर्थ असतो.

आणि आपल्याकडे? केबिनमधल्या साहेबाच्या वार्षिक पॅकेजमध्ये टीएमटी फुकट. तोच कंत्राटी लोडर जिना चढताना छाती भरते म्हणाला, तर ॲसिडिटीची गोळी. सात महिन्यांनी ब्रेक, नवा ठेकेदार, नवं गेटपास. त्याचं बीपी मागच्या वर्षी किती होतं, हे कुठल्याच फाईलमध्ये नाही. ज्याला विचारायचं त्याला विचारतच नाही, हे यंत्राचं अपयश नाही, आपलं आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ४० वर्षांवरील कामगारांना वर्षातून एकदा मोफत तपासणी द्यावी लागेल, असं केंद्राने जाहीर केलं. चांगलंच आहे. पण ती तपासणी नुसता शिक्का होऊ नये. युनियनच्या नेत्यांनी करारात टीएमटीचं पॅकेज मागण्याआधी हे मागावं: कंत्राटी धरून प्रत्येकाचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखूची नोंद, आणि ठेकेदार बदलला तरी कामगाराच्या हातात राहणारी फाईल. "चढताना छातीत काही होतं का?" हा हेबर्डन यांचा प्रश्न विचारायला तर एक रुपयाही लागत नाही.

ज्यांची टीएमटी निगेटिव्ह आली, त्यांनी पुडी सोडायचं विसरू नका. चढताना दुखतं आणि थांबलं की राहतं, असं असेल तर याच आठवड्यात डॉक्टर गाठा. आणि बसल्या जागी छातीवर दाब आला, घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर टेस्टची अपॉइंटमेंट नको. शिफ्ट सुपरवायझरला विचारत बसू नका. १०८ लावा.

तुमच्या कंपनीत कंत्राटी कामगारांची तपासणी होते का? कमेंटमध्ये लिहा. नाव नको असेल तर इनबॉक्स आहेच.