डबल क्लच

डबल क्लच ही हाताने गिअर बदलण्याच्या मोटारवाहनात वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये येण्याची एक पद्धत आहे. तीत क्लच दोनदा दाबला जातो आणि मधल्या क्षणी ॲक्सिलरेटरला हलकासा दाब देऊन इंजिनाचे फेरे वाढवले जातात. क्लच एकदाच दाबूनही फेरे असे जुळवता येतात. त्याच वेळी उजव्या पायाने ब्रेकही सांभाळला, तर त्या कौशल्याला चालक ‘हील अँड टो’ म्हणतात. मराठीत त्यास टाच-चवडा पद्धत म्हणता येईल.

तत्त्व

गाडीचा वेग तोच असताना खालच्या गिअरमध्ये इंजिनाला अधिक फेरे घ्यावे लागतात. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.३ आणि दुसऱ्याचे १.९ धरले, तर तिसऱ्यात मिनिटाला २,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाला त्याच वेगात दुसऱ्या गिअरमध्ये सुमारे २,९०० फेरे घ्यावे लागतील. क्लच दाबलेला असताना मात्र इंजिन मंदावत असते. अशा स्थितीत क्लच एकदम सोडला, तर उरलेले फेरे चाकांकडून ओढून घेतले जातात. गाडीला हिसका बसतो आणि क्लचची झीज होते. ॲक्सिलरेटरचा क्षणिक दाब ही तफावत आधीच भरून काढतो.

पायांचा क्रम

डबल क्लचमध्ये क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणतात, क्लच सोडतात, ॲक्सिलरेटर किंचित दाबतात, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाकतात आणि क्लच सोडतात. न्यूट्रलमध्ये क्लच सोडण्याला कारण आहे. त्या क्षणी इंजिन गिअरपेटीच्या आतील शाफ्टशी जोडलेले असते, त्यामुळे वाढलेले फेरे शाफ्टलाही मिळतात आणि दाते न खरखरता एकमेकांत बसतात. सिंक्रोमेश नसलेल्या जुन्या बसगाड्या व मालमोटारी चालवणाऱ्यांना हा क्रम अंगवळणी पाडावाच लागे. कॅडिलॅक कंपनीने १९२८ साली सिंक्रोमेश गिअरपेटी बाजारात आणली. तीत शाफ्टची गती घर्षणाने जुळवली जाते. अशा गाडीत दुसऱ्यांदा क्लच दाबण्याची गरज उरत नाही; इंजिनाचे फेरे जुळवण्याचे काम मात्र चालकाकडेच राहते.

टाच-चवडा पद्धतीत उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवून पायाच्या बाहेरच्या कडेने किंवा टाचेने ॲक्सिलरेटर दाबतात. काही जुन्या मोटारींत ॲक्सिलरेटर क्लच आणि ब्रेक यांच्यामध्ये असे. आजच्या मांडणीत बहुतेक चालक पायाची कडच वापरतात, म्हणून हे नाव काहीसे फसवे आहे.

घाटातील उपयोग

रत्नागिरी जिल्ह्यातून देशावर जाणारे रस्ते सह्याद्री चढतात: साखरप्याहून आंबा घाटाने कोल्हापूरकडे आणि चिपळूणहून कुंभार्ली घाटाने कराडकडे. परतीच्या उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ब्रेक तापतात आणि त्यांची पकड कमी होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ‘डॉट ३’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. ऑइल उकळून त्यात वाफ झाली की पेडल पोकळ लागते. दमट किनारपट्टीवर ऑइल वेळच्या वेळी बदलणे म्हणूनच अगत्याचे आहे.

खालचा गिअर इंजिनाच्या रोधाने गाडी आवरतो आणि ब्रेकवरील भार हलका करतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा चालकांचा जुना संकेत आहे. गिअर उतार लागण्यापूर्वी टाकावा. भर उतारात न्यूट्रलमध्ये चाचपडत राहिल्यास तेवढा वेळ इंजिनाचा रोध नाहीसा होतो. पावसाळ्यात न जुळवता खालचा गिअर टाकल्यास इंजिनाने ओढलेली चाके निसरड्या रस्त्यावर घसरू शकतात. पुढच्या चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीत अशा वेळी स्टिअरिंग निरुपयोगी ठरते, तर मागच्या चाकांना शक्ती मिळणाऱ्या गाडीचा मागचा भाग फिरतो.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडल्याने इंधन वाचते, हा समज इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांबाबत चुकीचा आहे. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडल्यास अशा इंजिनाचा इंधनपुरवठा बहुधा पूर्ण थांबतो; न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. इंजिन बंद करून उतरणे त्याहून घातक, कारण ब्रेकला आणि स्टिअरिंगला मिळणारे साहाय्य नाहीसे होते.

शिक्षण

सुरुवात सपाट, मोकळ्या रस्त्यावर, ब्रेकला हात न लावता, म्हणजे खरे तर पाय न लावता, करावी. तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना हिसका बसला नाही आणि इंजिनाचा आवाज दबला नाही, की फेरे जुळले असे समजावे. नाक पुढे दबले तर दाब कमी पडला; गाडी पुढे उसळली तर तो जास्त झाला.

पुढची पायरी बरीच अवघड आहे. पाऊल ॲक्सिलरेटरकडे कलले की ब्रेकवरचा दाब नकळत कमी-अधिक होतो. म्हणून इंजिन बंद आणि गाडी उभी असताना पायाची जागा आधी बसवून घेतात. अनेक छोट्या मोटारींत ब्रेकचे पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा उंच असते. ब्रेक बराच दाबल्याखेरीज दोन्ही एका पातळीवर येत नाहीत. अशा गाडीत हलक्या ब्रेकसोबत हा प्रयोग करू नये. सैल चपला घालूनही करू नये. रोजच्या घाटप्रवासात टाच-चवडा अनिवार्य नाही. वळणाआधी ब्रेक लावून, पाय उचलून, मग फेरे जुळवून गिअर टाकला तरी पुरते. शर्यतीत मात्र ब्रेक न सोडता गिअर बदलण्याने वेळ वाचतो.

सद्यस्थिती

निसानच्या २००९ च्या ३७०झेड या मोटारीत हाताने गिअर बदलताना फेरे आपोआप जुळवण्याची सोय होती. स्वयंचलित गिअरच्या गाड्यांत क्लचचे पेडलच नसते; त्यांतही लांब उतारावर चालकाने खालचा गिअर स्वतः निवडणे इष्ट ठरते.