डिझेल इंजेक्टर चाचणी व पंपाचे टायमिंग

डिझेल इंजेक्टर चाचणी म्हणजे इंजेक्टरमधून इंधन ठरावीक दाबाला आणि बारीक फवाऱ्याच्या रूपात बाहेर पडते की नाही, याची तपासणी होय. पुढील पद्धत यांत्रिक इंजेक्टरांपुरती आहे. कॉमन रेल प्रणालीसाठी वेगळी उपकरणे लागतात.

इंजेक्टर नोझल टेस्टरला जोडून हाताने दांडा दाबतात. सुई ज्या दाबाला उचलली जाते तो उत्पादकाने दिलेल्या आकड्याशी जुळावा लागतो. थेट इंधन फवारणाऱ्या इंजिनांत तो बहुधा २०० बारच्या आसपास असतो. कमी भरल्यास स्प्रिंगवर जाड शिम घालतात किंवा स्क्रू आवळतात. नंतर सुमारे २० बार कमी दाब १० सेकंद टिकवतात. तेवढ्या वेळात टोकावरून थेंब गळता कामा नये. फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. इंधन त्वचा भेदून आत शिरते आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडू शकते.

टायमिंगसाठी इनलाइन पंपाच्या पहिल्या घटकातील डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तेथे वाकडी नळी लावतात व क्रँकशाफ्ट हळूहळू फिरवतात. नळीतून वाहणारे इंधन थांबते, तो इंधनपुरवठ्याचा आरंभ. त्या क्षणी फ्लायव्हीलवरील खूण जुळत नसेल तर पंप फ्लँजवर किंचित फिरवून पुन्हा आवळतात. इंधन लवकर गेल्यास इंजिन ठोके देते. उशिरा गेल्यास धूर वाढतो व शक्ती घटते.