तार आली

आमच्या घरात ‘तार’ हा शब्द जरा जपूनच वापरतात. लाडवाच्या पाकाची तार चालते, सतारीची चालते. पण ‘तार आली’ असं कोणी म्हटलं, की आईचा हात आपोआप पदराच्या टोकाकडे जातो. तिच्या पिढीत तार एकाच कारणासाठी यायची. मी एस.एस.सी. पास झालो तेव्हा नागपूरच्या मामाने हौसेनं अभिनंदनाची तार केली. ती फोडून वाचेपर्यंत इथे अर्धा तास रडारड झाली होती. मजकूर कळल्यावर, रडणं अगदीच फुकट जाऊ नये म्हणून एका दूरच्या आत्याची आठवण काढण्यात आली, आणि मग पेढे आणले. २०१३ च्या जुलैत सरकारी तारसेवा बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढी हळहळ! आई एवढंच म्हणाली, “बरं झालं मेलं.”

त्याच घरात परवा मी स्वतःच्या हातानं साठ मीटर तार आणली.

त्याचं असं झालं. आमचं नारायण पेठेतलं घर आजोबांनी बांधलेलं. भिंती दीड-दोन फूट जाड. भिंतींनाही कान असतात म्हणतात. आमच्या भिंती मात्र ठार बहिऱ्या. आणि गेली पाच-सात वर्षं आईही तशीच. कानाला लावायचं यंत्र तिनं देवघरात ठेवून दिलं आहे. ती ओठ वाचते. आमची लेक कॅनडात असते. दर रविवारी ती फोनच्या पडद्यावर येते आणि आजी नातीचे ओठ वाचते. पण वाय-फायचा डबा दर्शनी खोलीत, आई मागच्या खोलीत, आणि मध्ये आजोबांनी बांधलेल्या तीन भिंती. लेक पडद्यावर यायची, ‘आ’ करायची आणि तशीच थिजायची. आम्हांला निदान तुटक-तुटक ऐकू तरी यायचं. आई बिचारी त्या उघड्या तोंडाकडे पाहत राहायची. “एवढा वेळ जांभई देते, झोप होत नसेल पोरीची,” म्हणायची.

भाचा म्हणाला, “मामा, मेश लावू या.” मेश म्हणजे जाळं. साबणाच्या वडीएवढे तीन डबे. एक पुढे, एक माजघरात, एक आईच्या खोलीत. तिघांचं नाव एक, पासवर्ड एक. फोन घेऊन घरभर हिंडलात तरी जवळचा डबा तुम्हांला सांभाळून घेतो. ऐकायला एखाद्या आदर्श एकत्र कुटुंबासारखं वाटलं. पण प्रत्यक्षात एकत्र कुटुंबात निरोपाचं जे होतं तेच झालं. पुढच्यानं मधल्याला सांगायचं, मधल्यानं मागच्याला. ज्या तोंडानं ऐकायचं, त्याच तोंडानं पुढे सांगायचं! दर टप्प्याला निम्मा वेग जातो. लेक आता ‘आ’ऐवजी ‘ओ’ करून थिजू लागली.

मी भाच्याला जगदीशचंद्र बोस ऐकवले. १८९४ ते १८९६ च्या दरम्यान त्या माणसानं कलकत्त्यात बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. मग तुझ्या डब्यांनाच काय धाड भरली आहे? भाचा शांतपणे म्हणाला, “मामा, त्यांना नुसती घंटा वाजवायची होती. आजीला ओठ हलताना दिसायला हवेत.”

मी गप्प बसलो. गप्प बसण्यावरून आठवलं. ह्या साऱ्या प्रकरणाचं मूळच मुळी ‘कोणी केव्हा बोलावं’ ह्या प्रश्नात आहे. १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन नावाच्या प्राध्यापकानं बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओनं जोडली. नियम एकच : ज्याला वाटेल त्यानं बोलावं. दोघे एकदम बोलले आणि गोंधळ झाला, तर दोघांनी आपापल्या मर्जीनं थोडं थांबून पुन्हा बोलावं. जाळ्याचं नाव ‘अलोहा’. पुढे रॉबर्ट मेटकाफ ह्या अमेरिकन गृहस्थानं त्याचा अभ्यास केला आणि त्यात एका सुधारणेची भर घातली : बोलण्यापूर्वी दुसरं कोणी बोलत नाही ना, हे आधी ऐकावं. ही सुधारणा आमच्या घरी अजून पोहोचलेली नाही.

मेटकाफची आणखी एक गंमत. १९७३ च्या मे महिन्यात त्यानं आपल्या तारेच्या जाळ्याला नाव दिलं ‘इथरनेट’. ईथर म्हणजे सर्व विश्व भरून उरलेलं ते अदृश्य तत्त्व. प्रकाश त्यातून प्रवास करतो अशी एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांची समजूत होती. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ले ह्यांनी ते कसून शोधलं, सापडलं नाही. असं हे बेपत्ता ईथर मेटकाफनं तांब्याच्या तारेत नांदायला आणलं. उलट १९९७ मध्ये बिनतारी जाळ्याचे नियम ठरले तेव्हा खरं म्हणजे हे नाव त्याला शोभलं असतं. पण त्याच्या नशिबी दोन वर्षांनी ‘वाय-फाय’ आलं. त्या नावाला काही अर्थ नाही. ते एका नाव पाडणाऱ्या कंपनीकडून करवून घेतलेलं आहे. आमच्याकडे निदान आत्या फुकट नाव ठेवते.

तर भाच्यानं निकाल दिला : डब्यांनी आपसांत कुजबुजायचं नाही, प्रत्येकाला पुढच्या डब्यापासून स्वतंत्र तार. मग तो डबा फक्त आपल्या खोलीशी बोलेल. बिनतारी संसार सुखाचा व्हायचा तर भिंतीआडून तार हवीच!

तार ओढायला जुन्या लाकडी पट्ट्या उचकटल्या आणि आमच्या घराचा इतिहास बाहेर पडला. सगळ्यांत खाली वडिलांच्या रेडिओच्या एरियलची तार. त्या काळी रेडिओलासुद्धा लायसन लागायचं. तिच्यावर नऊ वर्षं वाट पाहून मिळालेल्या टेलिफोनची. मग सिंहगडाकडे तोंड करून उभ्या असलेल्या टीव्हीच्या अँटेनाची, मग केबलची. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारेची पहिली लाइन टाकणारे ओशॉनेसी पेशानं डॉक्टर होते. मग मी तर निवृत्त हेडक्लार्क; मला का जमू नये?

नव्या तारेच्या पोटात आठ तारा, दोन-दोनांच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. ही युक्ती ग्रॅहॅम बेलची, १८८१ ची. पीळ असला की बाहेरचा गोंगाट दोघींना सारखाच लागतो, आणि पलीकडचं यंत्र दोघींमधला फरकच तेवढा घेत असल्यामुळे तो परस्पर कटतो. हे मी बायकोला संसाराचं उदाहरण देऊन समजावलं. ती म्हणाली, “पीळ कोणाचा ते सांगू नका.”

टोकाला चिमट्यानं प्लग बसवताना आठही रंग ठरलेल्या क्रमानं लागतात. नारिंगीपासून सुरुवात, शेवट तपकिरीवर, आणि मध्ये हिरव्या जोडीनं निळ्या जोडीला दोन्हीकडून मिठी मारायची. पहिले दोन प्लग माझ्या अनुभवाच्या खात्यात जमा झाले. तिसरा लागला. आईच्या खोलीतल्या डब्यावर दिवा पेटला. भाचा आनंदानं तिच्यासमोर जाऊन ओरडला, “आजी, तार आली!”

वर्षानुवर्षं काही न ऐकणाऱ्या आईनं त्याच्या ओठांवरून नेमकं हेच वाचलं. हात पदराकडे गेला. “कोण गेलं रे?”

तिला समजावेपर्यंत पडद्यावर लेक आली. अगदी स्वच्छ. आम्ही विचारलं, “कशी आहेस?” “मजेत,” ती म्हणाली. आम्ही चांगल्या कानांनी ते ऐकलं आणि समाधान पावलो. आई मात्र तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

“रडलीस का ग?”

लेक दोन क्षण गप्प. आम्हांला वाटलं, थिजली पुन्हा. मी डब्याचा दिवाही पाहिला. पण ती थिजली नव्हती. महिन्यापूर्वी तिची नोकरी गेली होती, आणि आम्हांला काळजी नको म्हणून दर रविवारी ती ‘मजेत’ म्हणत होती. मग ती मोकळी रडली, आई रडली, आत जाऊन मीही नाक शिंकरून आलो.

तासाभरानं फोन ठेवल्यावर आईनं डोळे पुसले, भिंतीवरच्या पांढऱ्या तारेकडे पाहिलं आणि म्हणाली, “ही राहू दे हो. काढू नका.”