देवधान : एका रानधानाची नावे आणि त्याचे रक्षण

भंडारा जिल्ह्यातील जुन्या तलावांच्या उथळ काठांवर पावसाळ्यात एक गवत उगवते. दिसावयास ते थेट धानासारखे. परंतु त्याच्या दाण्याला लांब, तांबूस कुसळ असते, आणि दाणा पिकताच तो लोंबीवर न राहता गळून चिखलात पडतो. ते कोणी पेरीत नाही. म्हणून त्याचे नाव देवधान. कोकणाकडे शेतातील पिकाला भात म्हणतात, पूर्व विदर्भात धान म्हणतात. त्यामुळे तिकडील देवभात इकडे देवधान झाले. उत्तरपद प्रदेशाप्रमाणे बदलले, पूर्वपद मात्र दोन्हीकडे तेच राहिले. या नावात वनस्पतीचा रंग नाही, आकार नाही. ती कोणाच्या श्रमाने आली एवढेच सांगितले आहे. देवभात हे नाव पाण्यावर तरंगणाऱ्या हायग्रोरायझा या वेगळ्याच गवतालाही लावलेले आढळते, त्याचे कारण हेच होय. शास्त्रज्ञाला यात घोटाळा दिसेल. पण नाव ठेवणाराला जे वेगळे काढावयाचे होते ते त्याने काढलेच आहे.

ही दृष्टी फार जुनी आहे. संस्कृतात या धान्याला नीवार म्हणतात. अमरकोशाने त्याची गणना तृणधान्यांत केली असून वाजपेय यज्ञात बृहस्पतीसाठी नीवाराचा चरू सांगितला आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात पोपटांच्या ढोल्यांतून झाडांखाली सांडलेल्या नीवारावरून दुष्यंत तपोवन ओळखतो. दुसऱ्या अंकात विदूषक त्याला आश्रमात जाण्याचे निमित्त सुचवितो, ते तपस्व्यांकडून नीवाराचा सहावा हिस्सा वसूल करण्याचे. विनोदाचा रोख उघड आहे. जे नांगराखाली आलेले नाही त्यावर राजाचा भाग कसला? ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य करण्याची महाराष्ट्रातील चाल याच कल्पनेवर उभी आहे. पूर्वेस छत्तीसगडात श्रावण वद्य षष्ठीला हलषष्ठीचे व्रत करणाऱ्या स्त्रिया तळ्यात आपोआप उगवलेल्या धानाचा ‘पसहर’ तांदूळ खातात.

नीवार हा शब्द मराठी बोलींत पोथ्यांबाहेर फारसा आला नाही. तो परत आला, पण अगदी अनपेक्षित वाटेने.

लिनीअसने 1753 साली लागवडीच्या धानाला ओरायझा सटायव्हा हे नाव दिले. ‘सटायव्हा’ म्हणजे पेरलेले. लोकांची विभागणीच येथे लॅटिनमध्ये अवतरली, असे म्हणावयास हरकत नाही. न पेरलेल्याचे काय? लिनीअसचा शिष्य केनिग अठराव्या शतकात तरंगमबाडीस येऊन राहिला होता. त्याने रानधानाला ‘फॅटुआ’ म्हटले, आणि पुढे 1839 साली ट्रिनियसच्या हातून ते नाव ग्रंथात आले. या लॅटिन विशेषणाचा अर्थ बेचव, मूर्ख. आपल्याकडील स्त्रिया ज्याला देवाचे म्हणतात त्याला पंडिताने खुळे ठरविले, हा केवळ योगायोग नव्हे. केनिगची परंपरा शेतातून तळ्याकडे पाहत होती, आणि शेतातून पाहणाऱ्यास रानधान हे बिघडलेले धानच दिसते. प्रेनने 1903 साली त्याला सटायव्हाचाच एक प्रकार गणले, त्यामागेही हीच नजर आहे. ग्रिफिथच्या मृत्यूनंतर 1851 साली प्रसिद्ध झालेले ‘रुफिपोगॉन’, म्हणजे तांबड्या दाढीचे, हे नाव निदान वनस्पतीकडे पाहून ठेवलेले होते.

1965 साली एस. डी. शर्मा व एस. व्ही. एस. शास्त्री यांनी हा गुंता सोडविण्याचा प्रयत्न केला. खोल पाण्यात वर्षानुवर्षे टिकून खोडापासून वाढणारे ते रुफिपोगॉन. उथळ, उन्हाळ्यात आटणाऱ्या पाण्यात एका वर्षात आयुष्य संपवून बीजावर उगवणारे ते निराळे, आणि त्याला त्यांनी ओरायझा नीवारा हे नाव दिले. शेतधानाशी संकर होऊन शेतांत व कडेला माजणारे मिश्र रूप त्यांनी या दोहोंपासून वेगळे ठेवले. या मताला सर्वांची मान्यता नाही. नीवारा ही स्वतंत्र जाती न मानता रुफिपोगॉनचेच वार्षिक रूप मानणारे अभ्यासक आजही आहेत. तथापि भाषेच्या अभ्यासकाला येथे एक गोष्ट विशेष वाटेल. छत्तीसगडातील शेतकरी शेतात घुसलेल्या रानटी रोपाला ‘करगा’ म्हणतो आणि निंदून टाकतो. तळ्यातल्याला ‘पसहर’ म्हणतो आणि व्रताला खातो. ज्या रेषेसाठी वनस्पतिशास्त्राला 1965 सालापर्यंत थांबावे लागले, जवळजवळ तीच रेषा बांधाच्या दोन बाजूंच्या दोन शब्दांनी आधीच ओढलेली होती.

या भेदाचे मोल लवकरच कळले. 1970 च्या दशकात आशियातील धानावर ग्रासी स्टंट नावाचा विषाणुरोग पसरला. फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. समाधानकारक प्रतिकार सापडला तो उत्तर प्रदेशातून गेलेल्या ओरायझा नीवाराच्या एकाच नमुन्यात, आणि त्यातीलही मोजक्याच रोपांत. त्या रोपांचा गुण 1974 साली आयआर 28, 29 व 30 या वाणांत आणि 1976 साली आयआर 36 मध्ये उतरला. त्या एका तळ्याचा काठ आधीच खणून काढला गेला असता तर काय झाले असते, हा प्रश्न वावगा नाही.

भंडाऱ्यात तो काठ टिकला होता तलावांच्या व्यवस्थेमुळे. गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांची पाळ (झाडीबोलीत ळचा र होत असल्याने पार) पाणी अडवी, आणि वरच्या अंगाला पाणी पसरट व उथळ राही. मासे तेथे अंडी घालीत, पक्षी चरत, देवधान पिके. 1951 साली मालगुजारी संपली. तलाव सरकारकडे आले आणि गावाचा त्यांच्या देखभालीशी असलेला संबंध सैल झाला. रोहू-कटल्याच्या मत्स्यपालनाला तळ्यातील गवत अडचणीचे वाटू लागले. गाळ काढताना पोट सरसकट खोल केले की उथळ काठच उरत नाही, आणि गाळाबरोबर त्यात पडलेले बीजही जाते.

याच काळात एक परके झुडूप काठांवर माजले. जॅक्विनने 1760 साली कॅरिबियन बेटांच्या व शेजारच्या अमेरिकी किनाऱ्याच्या वनस्पतींच्या ग्रंथात आयपोमिया कार्निया हे नाव दिले, त्या जातीचे हे झुडूप. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत, तोडलेली फांदी चिखलात पडली तरी मूळ धरते. लोकांनी त्याचे नाव ठेवले बेशरम. एकाच तळ्यात देवधान आणि बेशरम! दोन्ही न पेरता वाढणारी; पण एकाला देव आठवला आणि दुसऱ्याला शिवी मिळाली.

भंडारा चिन्नोर या लागवडीच्या वाणाला 2023 साली भौगोलिक मानांकन मिळाले. देवधानाला तसा कायदेशीर मालक नाही, होऊही शकत नाही. राष्ट्रीय जनुक कोशात रानधानाचे बीज थंडीत जपले जाते, आणि ते जपलेच पाहिजे. परंतु तेथे ते थांबलेले असते, नव्या रोगांशी त्याची गाठ पडत नाही. तळ्यात ती दरवर्षी पडते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांच्या मत्स्य सहकारी संस्थांबरोबर तलावांच्या पुनरुज्जीवनाचे जे काम चालविले, त्याचे महत्त्व येथे आहे. कोणत्या पाणवनस्पतीच्या आडोशाला कोणता मासा राहतो हे ढिवरांना ठाऊक होते. त्या माहितीवरूनच लावावयाच्या वनस्पती ठरल्या. बेशरम मुळासकट उपटून, कोरडे पडलेले पोट उन्हाळ्यात नांगरून मऊ करावयाचे आणि पावसाच्या तोंडावर स्थानिक पाणवनस्पती लावावयाच्या, अशी रीत काही तलावांत अवलंबिली गेली. ज्या काठावर नांगर न फिरणे हीच देवधानाची व्याख्या होती, त्या काठाला वाचविण्यासाठी आता नांगर धरावा लागला.