बिदरचा हातोडा आणि आमचा ग्राइंडर

दोन वर्षांपूर्वीच्या चवथीच्या आधीची गोष्ट. आमच्या माटोळीची जुनी लाकडी चौकट वाळवीने पोखरली होती. म्हटलं, यंदा लोखंडी करूया, म्हणजे पुढची वीस वर्षं चिंता नको. दिवसभर फायली उपसणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला हाताने काहीतरी घडवायची हौस असते. मागच्या पडवीत माझं छोटंसं वर्कशॉप आहे. एक टेबल, एक व्हाइस, ड्रिल मशीन आणि ग्राइंडर, एवढाच संसार. रविवारी जेवून उठलो आणि पाईप कापायला घेतले.

अर्ध्या तासाने शेजारच्या काकी कुंपणापाशी आल्या. आता ऐकून घ्यावं लागणार, असं मनात आलं. पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘काम कर बाबा, चवथीचंच ते. फक्त कधी थांबणार तेवढं सांग. यांना दुपारची जरा झोप लागते, ती मोडते.’’

काका त्या वेळी अंथरुणाला खिळलेले होते. मला ते ठाऊकही होतं. तरी पडवीतल्या आवाजाचा आणि त्यांच्या झोपेचा संबंध माझ्या डोक्यात आला नव्हता. मी स्वतः मात्र कानात कापसाचे बोळे घालून बसलो होतो! बटण बंद केलं, आणि त्या शांततेत मला बिदर आठवलं.

बिदरला मी एकदा गेलो होतो, सोलापूर आणि कलबुर्गी करत. कलबुर्गी म्हणजे जुनं गुलबर्गा. 1347 साली बहमनी राज्य उभं राहिलं तेव्हाची राजधानी हीच. पुढे अहमदशहाच्या कारकिर्दीत (1422 ते 1436) ती बिदरला हलली. हा सगळा भाग 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. भाषावार प्रांतरचनेत बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्याकडे आले, तर भालकी, औराद आणि बसवकल्याण तिकडेच राहिले. तिथे आजही मराठी घरोघरी ऐकू येते. सीमेवर राहणं म्हणजे काय, हे आपल्या गोव्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

बिदरच्या चौबाऱ्याच्या आसपास बिदरी कामाची दुकानं आहेत. ही कला बहमनी काळात इराणी कारागिरांबरोबर आली, असं परंपरा सांगते. जस्तात थोडं तांबं मिसळून (साधारण सोळाला एक) भांडं ओततात. ते घासून गुळगुळीत करायचं, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरतं काळं करायचं आणि टोकदार सळईने त्यावर मोकळ्या हाताने नक्षी काढायची. मग छिन्नीने खोबणी कोरून तीत चांदीची तार ठोकून बसवायची. शेवटी भांडं तापवून त्यावर बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप चोळायचा. धातू कायमचा काळाभोर होतो आणि चांदी तशीच चमकत राहते. या कामाला 2006 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 साली पद्मश्री.

मला मात्र तिथला आवाज लक्षात राहिला. खरं तर आवाज नसणं. हातोडी चालू होती, पण टिक... टिक... इतकीच. कोरायचं भांडं मेणाच्या आधाराने दगडावर घट्ट बसवलेलं होतं. भांडं हलू नये म्हणून ही युक्ती. पण धातू मोकळा असला की घंटेसारखा घणघणतो, आणि मऊ, जड वस्तूला चिकटला की त्याची थरथर तिथेच जिरते. आपले सोनार दागिना राळेवर बसवून ठोकतात, त्यातही हेच घडतं.

सगळेच धातुकाम असं शांत नसतं. दक्षिण इटलीत सिबारिस नावाचं एक प्राचीन ग्रीक शहर होतं. तिथल्या लोकांनी झोपमोड होते म्हणून लोहार, सुतार वगैरेंना गावात काम करायला बंदी केली होती आणि कोंबडेही पाळू दिले नव्हते, असं अथेनिअस या लेखकाने नोंदवलं आहे! 1700 साली इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. व्हेनिसचे तांबट दिवसभर तांबं ठोकून म्हातारपणी ठार बहिरे होतात, हे त्याने त्यात सांगितलं. हे तांबट एकाच भागात राहत.

हा धागा महत्त्वाचा वाटतो. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे. आपल्याकडे डिचोलीत कांसार मंडळी पितळेच्या समया घडवत आली. तांबट पक्ष्याला ते नाव मिळालं, तेही त्याच्या एकसुरी ‘टुक टुक’ आवाजामुळेच. एका धंद्याची माणसं एका आळीत राहत, त्यामागे जात, कच्चा माल, गिऱ्हाईक अशी बरीच कारणं होती. पण एक गोष्ट आपोआप साधत असे. ज्याच्या हातोड्याचा आवाज, त्याच्या शेजाऱ्याच्याही हातात हातोडाच! शिवाय हात दमतो, उजेड जातो. रात्र आपसूक शांत होई.

यंत्राने हे गणित मोडलं. जर्मनीतल्या फाइन कंपनीने 1895 साली हातात धरायचं विजेचं ड्रिल केलं. 1917 साली अमेरिकेत ब्लॅक अँड डेकरच्या पिस्तुलासारख्या मुठीच्या ड्रिलला पेटंट मिळालं. 1954 साली जर्मनीतच अँगल ग्राइंडर आला. यंत्र दमत नाही आणि त्याला उजेडाचीही वाट पाहावी लागत नाही. आळी गेली, कॉलनी आली, भिंतीला भिंत लागली. माझ्या शेजारी लोहार नाही, आजारी काका आहेत.

आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. वस्तीच्या भागात दिवसा 55 डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल ही मर्यादा. ग्राइंडर जवळून शंभराच्या आसपास जातो. अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था सांगते की 85 डेसिबलमध्ये आठ तास काम चालेल, पण पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करा. हिशेब करून पाहा. शंभरला फक्त पंधरा मिनिटं उरतात! कापसाचे बोळे घालून मी अर्धा तास बसलो होतो, आणि कापूस आवाज फारसा अडवत नाही.

मग मी बिदरचा धडा गिरवला. टेबलाच्या पायांखाली जाड रबर घातलं. खालच्या फळीवर वाळूच्या दोन पिशव्या ठेवल्या. पाईप टोकाला न धरता कापायच्या जागेच्या अगदी जवळ आवळायला लागलो आणि त्याखाली जुन्या टायरचा तुकडा ठेवला. पाईपची किंचाळी बरीच कमी झाली. कुंपणाकडचं दार लावून घेतलं, कारण फटीतून आवाज पाण्यासारखा झिरपतो. कानांना नीट इयरमफ घेतले. आणि छोटे तुकडे सरळ हॅकसॉने कापले. वेळ लागला, पण चवथ काही पळून जात नव्हती.

तरीही ग्राइंडर तो ग्राइंडर. त्याचा आवाज संपत नाही. इयरमफने माझे कान वाचतात, काकांचे नाही. त्यांच्यासाठी उपाय एकच होता, आणि तो काकींनीच सांगितला होता. दुसऱ्या दिवशी जाऊन म्हटलं, ‘‘काकी, शनिवारी सकाळी दहा ते अकरा. त्यानंतर मशीनला हात लावणार नाही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘बरं झालं सांगितलंस. त्या वेळी त्यांना पुढच्या खोलीत नेते.’’

काका आता नाहीत. पुढच्याच पावसात गेले. चौकट मात्र भक्कम आहे, आणि दर चवथीला माटोळी बांधताना त्यांची आठवण येते. शनिवारची दहा ते अकराची वेळ मी अजून पाळतो. काकींनी कधी ती पुन्हा मागितली नाही.