परीक्षामंडपापर्यंतची वाट

1857 च्या जुलै महिन्यात, उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा भडकलेला असताना, मुंबई विद्यापीठाचा कायदा मंजूर झाला. त्या कायद्याच्या प्रस्तावनेत इलाख्यातील सर्व वर्गांच्या आणि सर्व पंथांच्या प्रजाजनांस उच्च विद्येच्या अभ्यासास उत्तेजन मिळावे, असा हेतू स्वच्छ शब्दांत नमूद केलेला आहे. ज्या देशात विद्येचा अधिकार जन्मावरून ठरत आला, त्या देशात हे शब्द राज्याच्या दप्तरी दाखल व्हावेत ही लहानसहान घटना नव्हे, आणि तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला असता, इतर मुले शाळा सोडून जातील या भीतीने तो नाकारण्यात आला होता आणि तत्त्व मान्य करूनही मुंबई सरकारने त्या मुलासाठी शाळेचे दार उघडून देण्याचे धैर्य दाखविले नव्हते, ही गोष्टही त्याच दप्तरात नोंदलेली आहे. सनदेतील समता आणि शाळेच्या दारातील विषमता यांच्यामधले अंतर कोणी आणि कशाने तोडले, हाच मुंबई विद्यापीठाच्या इतिहासातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेली ही संस्था प्रारंभी स्वतः शिकवीत नसे. सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेल्या विस्तीर्ण मुलखातील महाविद्यालयांनी विद्यार्थी तयार करावेत आणि विद्यापीठाने त्यांची परीक्षा घेऊन पदवी द्यावी, असा शिरस्ता होता. या रचनेत एक सोय होती व तीच तिची उणीवही होती: परीक्षामंडपात येऊन बसलेल्या उमेदवाराची जात विद्यापीठ विचारीत नसे, परंतु त्या मंडपापर्यंत कोण येऊ शकला आणि कोण वाटेतच राहिला, याची चौकशी करण्याचे दायित्वही ते आपल्याकडे मानीत नसे. 1859 साली झालेल्या पहिल्या प्रवेशपरीक्षेस 132 उमेदवार बसले व त्यांपैकी 22 उत्तीर्ण झाले; 1862 साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. या चौघांच्या विद्वत्तेविषयी आणि त्यांच्यापैकी रानडे-भांडारकरांनी समाजसुधारणेसाठी वेचलेल्या आयुष्याविषयी माझ्या मनात निस्सीम आदर आहे. तथापि चौघेही ज्यांच्या घरी पिढ्यानुपिढ्या अक्षरओळख होती अशाच जातींतून आले होते, हे सत्य त्या आदराने झाकले जात नाही.

ते सत्य सर्वांत निर्भीडपणे मांडले जोतीराव फुल्यांनी. 1882 च्या ऑक्टोबरात शिक्षणाच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात, रयतेच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि विद्या वरून खाली झिरपत जाईल ही सरकारची समजूत फोल ठरली आहे, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. पण त्याच निवेदनात विद्यापीठाच्या कारभाराशी थेट निगडित असे दोन बारकावे आहेत, आणि त्यांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी जाते. शिष्यवृत्त्या केवळ चढाओढीने दिल्याने त्या मागासलेल्या वर्गांच्या हाती कधीच लागत नाहीत, हा एक. आणि शाळेत न जाता खाजगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना प्रवेशपरीक्षेस बसू देण्याची जी सवलत विद्यापीठाने दिली, ती वरच्या परीक्षांनाही लागू करावी, हा दुसरा. परीक्षा सर्वांना सारखी असली तरी तिची तयारी सर्वांना सारखी करता येत नाही, हे पुण्याच्या या माळी गृहस्थाने सिनेटमधील पंडितांच्या फार आधी ओळखले होते.

स्त्रियांची कथा थोडक्यात सांगता येते. 1875 मध्ये रेव्हरंड सोराबजी खरसेटजी यांनी आपल्या कन्येस प्रवेशपरीक्षेस बसू देण्याची विनंती केली, ती नियमांवर बोट ठेवून फेटाळली गेली. पुढे 1883 साली विद्यापीठाने आपल्या परीक्षा स्त्रियांना खुल्या केल्या, आणि त्याच घराण्यातील, नाशिकास जन्मलेली कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून या विद्यापीठाची पहिली स्त्री-पदवीधर झाली. विलायतेतील शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळण्याइतके तिचे यश असताना केवळ स्त्री म्हणून ती तिला नाकारण्यात आली, आणि अखेर इंग्लंडातील हितचिंतकांनी जमविलेल्या निधीवर तिला ऑक्सफर्ड गाठावे लागले.

आता कोल्हापूरकडे वळतो, कारण खरी कामगिरी तेथे झाली. राजाराम कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. त्याचे दार कायद्याने कोणासही बंद नव्हते. शाहू छत्रपतींनी 1896 साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक सामाईक वसतिगृह काढले, आणि त्यात भरणा झाला तो जवळजवळ सारा ब्राह्मण विद्यार्थ्यांचाच. दुसऱ्या एखाद्या संस्थानिकाने, दार तर उघडे होते, कोणी आले नाही त्यास आम्ही काय करावे, असे म्हणून समाधान मानले असते. महाराजांनी मात्र या अपयशाचे कारण शोधले. खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या, लिंगायताच्या, मुसलमानाच्या किंवा महाराच्या मुलाला शहरात राहायला जागा आणि पोटाला भाकरी कोण देणार, त्याच्या पंक्तीला कोण बसणार, आणि आपल्यासारखे चार चेहरे आजूबाजूला नसताना तो किती दिवस टिकणार, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही सनदेत नव्हती. म्हणून 1901 मध्ये मराठा आणि जैन वसतिगृहे, 1906 मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांचे आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, आणि पुढे लोकांनीच कोल्हापूरास वसतिगृहांची जननी म्हटले. जातवार वसतिगृहांनी जातिभेद दृढ केला, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला व आजही घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. पण ज्या मुलांस सामाईक छपराखाली जागाच मिळत नव्हती, त्यांना तोपर्यंत उघड्यावर ठेवणे हा त्याहून मोठा अन्याय होता, असे माझे मत आहे.

भीमराव आंबेडकर 1912 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा पंचवीस रुपयांच्या शिष्यवृत्तीच्या आधाराने. आणि सिडनहॅम कॉलेजात स्वतः प्राध्यापक म्हणून रुजू झाल्यावरही अध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यास त्यांनी शिवू नये, असा हट्ट धरणारे सहकारी त्यांना भेटले. 1927 मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठाच्या सुधारणा-विधेयकावर बोलताना त्यांनी मागासवर्गीयांना सिनेटवर प्रतिनिधित्व मागितले, त्यामागे हा सारा अनुभव होता. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापून पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले, तेथे वर्ग सकाळी भरविण्याची योजना होती, म्हणजे कचेरीत कारकुनी करून घर चालविणाऱ्या तरुणास शिकता यावे. वेळापत्रकातील हा फरक दिसतो क्षुल्लक. परंतु ज्याची नोकरी सुटली तर घरची चूल विझते, त्याला विद्यापीठ मिळते की नाही हे नेमके त्यावरच ठरत होते.

याच सोसायटीचे, 1950 साली औरंगाबादेस निघालेले, पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्धीस आलेले महाविद्यालय निजामी अमदानीत शिक्षणापासून वंचित राहिलेल्या मुलखात उभे होते आणि त्या वेळी उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेले होते. मराठवाड्याचे स्वतःचे विद्यापीठ 1958 साली झाले. नागसेनवन या महाविद्यालयाच्या परिसरातील वसतिगृहांत राहून घराण्यातील पहिली पदवी घेणारी पिढी येथे घडली, आणि याच महाविद्यालयातील अध्यापक गंगाधर पानतावणे यांच्या संपादनाखाली ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालू लागले, ज्याने मराठी वाङ्मयाचा नकाशा बदलला. 27 जुलै 1978 रोजी राज्याच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, तेव्हा उसळलेल्या दंगलीत खेडोपाडी दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, आणि 14 जानेवारी 1994 रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे नाव होईपर्यंत तो लढा चालू राहिला. ज्यांची घरे जळली त्यांत बहुसंख्य भूमिहीन मजूर होते; विद्यापीठाची पायरी त्यांनी स्वतः कधी चढली नव्हती, आणि तरीही त्या नावासाठीची मागणी त्यांनी मागे घेतली नाही.